विश्लेषण : आनंदीबाई जोशींचा जीव घेणाऱ्या क्षयात फुप्फुसात नेमके काय घडते?

डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अमेरिकेतली थंडी मानवली नाही, हे त्यांच्या मृत्यूचे कारण आपण शाळेपासून ऐकत आलो. ते अर्धेच आहे. क्षय थंडीने होत नाही, जंतूने होतो. आणि फुप्फुसाची हानी एकटा जंतूही करत नाही.

अलिबागशी नाते काय?

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या कुटुंबात जन्मलेल्या यमुनेचे लग्न नवव्या वर्षी टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ती आनंदी झाली. पुढे गोपाळरावांची बदली अलिबागला झाली. हे तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. कल्याणच्या नातलगांपासून दूर, या किनाऱ्यावर तिचा अभ्यास मार्गी लागला. शिकवणी मायेची नव्हती. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून गोपाळराव मारत, असे चरित्रांत येते. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचे, हे तिथून पक्के झाले.

धूर की थंडी?

१८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून पतीविना जहाजात बसल्या. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना मायेने घरी ठेवून घेतले. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिथल्या खोलीतली शेगडी पेटवली की धूर कोंडायचा, विझवली की गारठा. शाकाहारी जेवणाची आबाळ होतीच. त्यात घटसर्प होऊन गेला. तरीही हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. त्या परतल्या, पण रुजू होऊ शकल्या नाहीत.

आत काय चालले होते?

आनंदीबाई अमेरिकेला निघण्याच्या वर्षभर आधी, मार्च १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला होता. पण जंतू पकडणे आणि त्याने केलेली हानी समजणे यांत मोठे अंतर होते.

जंतू श्वासातून फुप्फुसातील वायुकोशांत शिरला की तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. मग त्या ऑक्सिजनचे अतिशय तडफदार रेणू सोडतात. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे. हे आपल्या शरीराचे हत्यार. क्षयाचा जंतू मात्र चिवट: त्याच्याकडे हे रेणू निकामी करणारी विकरे आहेत. लढाई महिनोन्‌महिने चालते आणि हत्यार घरच्यांनाच लागू लागते. पेशींची पटले, प्रथिने, डीएनए यांची मोडतोड होते. शरीराची राखीव कुमक, म्हणजे ग्लुटाथायोनसारखे अँटिऑक्सिडंट, अपुरी पडते. या असमतोलाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. गंजाशी त्याची तुलना करतात, पण गंज लोखंडावर बाहेरून चढतो. इथे आग आपल्याच पेशी लावतात. सूज वाढते, ऊती विरघळवणारी विकरे मोकाट सुटतात आणि फुप्फुसात पोकळ्या पडतात.

धुराचा संबंध इथे येतो. लाकूड-कोळशाच्या धुरात असेच तडफदार रेणू असतात आणि त्याचे कण भक्षक पेशींना दुबळे करतात. आनंदीबाईंना धुरानेच क्षय जडला, असे म्हणता येणार नाही. पण जंतूशी झुंजणाऱ्या फुप्फुसाला कोंडलेला धूर, थंडी आणि अपुरे अन्न यांनी हातभार लावला नसेल, हे पटणे कठीण.

हीच यंत्रणा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आखडण्याच्या दीर्घ आजारातही असते. विडी-सिगारेट कधी न ओढलेल्या, पण आयुष्य चुलीपुढे काढलेल्या बायकांना तो होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांच्यासारखे संशोधक सांगत आले आहेत. बऱ्या झालेल्या क्षयानंतरही काहींची धाप राहते ती याच मोडतोडीमुळे. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खाऊन ती भरून निघते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

औषध कुठून आले?

१९५२ मध्ये, आनंदीबाईंनंतर ६५ वर्षांनी, आयसोनियाझिड वापरात आले. गंमत अशी की ही गोळी स्वतः निष्क्रिय असते. जंतू आपल्या माऱ्यापासून बचावासाठी जे कॅटालेज विकर बाळगतो, तेच तिला विषारी बनवते. ढाल टाकून दिलेले जंतू या औषधाला दाद देत नाहीत. औषधरोधक क्षयाचे हे एक मोठे कारण. ही गोळी आज राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळते, अलिबागलाही.

आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांची शिळा आहे.