विश्लेषण : २८ मजली इमारतीत ओसरी कशी आली?

नाशिकमध्येही आता उंच टॉवर उभे राहत आहेत. घर जितके वर जाते, तितकी वाड्यातली ओसरी आणि चौक मागे पडतात. मोकळ्या हवेची ही जागा उंच इमारतीतही राखता येते, हे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत दाखवून दिले होते.

कोण होते कोरिया?

मूळच्या गोव्यातील कुटुंबात १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादला त्यांचा जन्म झाला. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय, नंतर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी येथे शिकून त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत व्यवसाय सुरू केला. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयाने त्यांचे नाव झाले.

‘कांचनजंगा’चे वेगळेपण काय?

मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला. पण दुपारचे ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी त्यावर व्हरांड्याचा उपाय शोधला होता. कंबाला हिलवर १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’त कोरिया यांनी तोच वापरला. इमारतीतील ३२ घरांना कोपऱ्यात दोन मजले उंचीच्या गच्च्या आहेत. त्या ऊन-पाऊस अडवतात आणि वारा आत सोडतात.

कोपरे मोकळे कसे राहिले?

लिफ्ट आणि जिन्याभोवतीचा काँक्रीटचा गाभा वारा व भूकंपाचा आडवा भार पेलतो. त्यामुळे गच्च्यांच्या कोपऱ्यांत खांबांची गरज उरली नाही. संरचना अभियंता होते शिरीष पटेल.

सर्वांसाठी टॉवर हवेत का?

कोरिया यांचे उत्तर ‘नाही’ असे होते. ‘कांचनजंगा’ श्रीमंतांसाठी होती. टॉवरचा खर्च सामान्यांना परवडत नाही आणि गरजेनुसार तेथे खोलीही वाढवता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासह त्यांनी नवी मुंबईची कल्पना मांडली. १९७० ते ७५ या काळात ते सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. पुढे बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये त्यांनी चौकांभोवती बैठी, वाढवता येणारी घरे रचली.

आज महत्त्व काय?

२००६ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या कोरिया यांचे १६ जून २०१५ रोजी मुंबईत निधन झाले. आज अनेक फ्लॅटमध्ये बाल्कनी काचेने बंद करून खोलीला जोडली जाते आणि मग गारव्यासाठी एसी बसवावा लागतो. कोरिया यांच्या लेखी ती मोकळी जागा हा घराचा मुख्य भाग होता.