लहानांसाठी उघडलेले दार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शहरांत मोठमोठी सार्वजनिक ग्रंथालये उभी राहू लागली होती. प्रशस्त इमारती, छतापर्यंत पोहोचणारी कपाटे, हजारो ग्रंथ आणि भिंतीवर शांतता राखण्याची सूचना देणारी पाटी, असा त्यांचा थाट असे. या इमारतींचे दार सर्वांसाठी उघडे आहे असे म्हटले जाई. परंतु या ‘सर्वां’त लहान मुलांची गणना नव्हती. बहुतेक ग्रंथालयांत बारा-चौदा वर्षांखालील मुलांना प्रवेशच मिळत नसे. मुले गोंगाट करतील, मळक्या हातांनी पाने खराब करतील, पुस्तके हरवतील, अशी वडीलधाऱ्यांची ठाम समजूत होती. ज्या चिमुकल्यांना अजून अक्षरओळखही झाली नव्हती, त्यांचे ग्रंथालयात काही काम असू शकेल, हे तर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

ही समजूत चुकीची आहे असे वाटणारी काही थोडी माणसे त्या काळीही होती. आपापल्या गावी त्यांनी मुलांसाठी धडपड सुरू केली होती. पण एका अफाट शहरातील शाखा-शाखांत मुलांसाठी वेगळी दालने चालवून, तेथे गोष्टींचे तास, बाहुल्यांचे खेळ आणि सण-उत्सव यांची प्रथा पाडून, बालग्रंथालय ही एक मोठी संस्था करून दाखवण्याचे श्रेय ज्यांना मुख्यतः दिले जाते, त्या म्हणजे ॲन कॅरल मूर.

ॲनचा जन्म 12 जुलै 1871 रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातील लिमरिक या लहानशा गावी झाला. सात थोरल्या भावांच्या पाठीवरची ही मुलगी घरात सर्वांची लाडकी होती. तिचे वडील वकील होते. ॲनवर त्यांचा फार जीव. गावातील शाळा आणि नंतर मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॅडफर्ड येथील विद्यालय येथे तिचे शिक्षण झाले. वडिलांप्रमाणे आपणही वकील व्हावे, अशी तिची मनीषा होती. त्या काळात स्त्रियांनी वकिली करणे ही अपूर्वाईची गोष्ट होती. तथापि वडिलांनी तिला निरुत्साही केले नाही. उलट, आपल्याच कचेरीत बसवून तिला कायद्याचे धडे देण्यास त्यांनी प्रारंभ केला.

परंतु मनुष्य योजतो एक आणि घडते दुसरेच. 1892 च्या जानेवारीत त्या भागात इन्फ्लुएंझाची साथ आली. तीत ॲनचे वडील दगावले आणि अवघ्या दोन दिवसांत आईनेही डोळे मिटले. हा घाव ताजा असतानाच तिच्या एका भावाची पत्नी बाळंतपणात वारली. आईविना पोरकी झालेली भाचरे ॲनने पोटाशी धरली. पुढील काही वर्षे त्यांचे संगोपन हेच तिचे काम झाले. वकिलीचे स्वप्न मागे पडले ते कायमचे.

पुढे काय करावे, असा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला. ग्रंथपालाचा व्यवसाय त्या काळी नव्यानेच उदयास येत होता. तो पत्करावा, असे भावाने सुचवले. ॲनने न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील ग्रंथालय विद्यालयाकडे अर्ज करण्याचे ठरवले; पण महाविद्यालयाची पदवी नसल्यामुळे तेथील दार तिला बंद होते. ती खचली नाही. ब्रुकलिन येथील प्रॅट इन्स्टिट्यूट या संस्थेत तिने प्रवेश मिळवला आणि 1896 मध्ये तेथील अभ्यासक्रम पुरा केला. बंद दारापुढे उभे राहणे म्हणजे काय, याचा अनुभव तिला असा मिळाला होता.

प्रॅट संस्थेच्या ग्रंथालयाची नवी इमारत त्याच सुमारास तयार झाली होती. ग्रंथालयाच्या प्रमुख मेरी राइट प्लमर या दूरदृष्टीच्या बाई होत्या. नव्या इमारतीत त्यांनी मुलांसाठी एक स्वतंत्र दालन योजले होते. मूळ आराखड्यातच मुलांचा विचार केलेले असे दालन त्या काळी नवलाचेच होते. त्याची व्यवस्था पाहण्याची जबाबदारी पंचवीस वर्षांच्या मूरबाईंवर सोपवण्यात आली.

मूरबाईंनी कामाला प्रारंभ केला तो पुस्तकांपासून नव्हे, तर मुलांपासून. त्या बालोद्यानांत जाऊन बसत. लहान मुले कशी खेळतात, कशात रमतात, कशाने कंटाळतात, हे त्या बारकाईने पाहत. ग्रंथालयाच्या आसपासच्या गल्ल्यांतून हिंडत मुले कोठे राहतात, काय करतात, याचीही त्यांनी माहिती करून घेतली. मग दालन सजू लागले. मुलांच्या उंचीला शोभतील अशी बुटकी मेजे आणि खुर्च्या आल्या. पुस्तके कुलूपबंद कपाटांत न ठेवता, मुलांचा हात सहज पोहोचेल अशा खुल्या फळ्यांवर मांडण्यात आली. भिंतींवर चित्रे लागली, फुलदाण्यांत फुले आली. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांची पुस्तके होतीच. दालनात पाऊल टाकताच आपण येथे परके नाही, असे मुलाला वाटावे, हा या सर्व मांडणीमागील हेतू होता.

दहा वर्षे मूरबाईंनी तेथे काम केले. या काळात इंग्लंडमधील प्रख्यात कथाकथनकार मेरी शेडलॉक यांचे कथाकथन त्यांनी तेथे घडवून आणले. डेन्मार्कच्या अँडरसनच्या परीकथा त्या बाईंच्या तोंडून ऐकताना मुले देहभान विसरत. पुस्तकाकडे नेणारी वाट कानांतून जाते, ही गोष्ट मूरबाईंना तेव्हा अधिकच पटली.

1906 मध्ये त्यांना न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे बोलावणे आले. अँड्र्यू कार्नेगी या धनिकाने 1901 मध्ये दिलेल्या 52 लाख डॉलरांच्या देणगीतून त्या शहरात ठिकठिकाणी शाखा-ग्रंथालये बांधली जात होती. या सर्व शाखांतील मुलांच्या कामाची सूत्रे मूरबाईंच्या हाती आली. आतापर्यंत त्यांनी एक दालन सांभाळले होते. आता एक अख्खे शहर त्यांना सांभाळायचे होते.

आणि ते शहरही कसे! इटली, रशिया, हंगेरी, आयर्लंड अशा अनेक देशांतून पोट भरण्यासाठी आलेली लक्षावधी माणसे तेथे दाटीवाटीने राहत होती. आईबाप दिवसभर राबत आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम पुष्कळदा थोरल्या मुलींकडे येई. खेळायला रस्ता आणि बसायला जिना, एवढीच या मुलांची जागा. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. अशा मुलांना मायेने जवळ घेणारी, उबदार आणि प्रकाशाने भरलेली एक खोली मोफत मिळावी, याचे मोल केवढे असेल!

मूरबाईंनी शाखा-शाखांतून अशा खोल्या उघडल्या. शांतता राखण्याच्या पाट्या त्यांनी खाली उतरवल्या. मुलांच्या मायदेशांतील भाषांमधली पुस्तके त्यांनी मागवली. निरनिराळ्या देशांच्या लोककथा सांगण्याची आणि त्यांचे सण साजरे करण्याची प्रथा पाडली. इंग्रजी न कळणाऱ्या मुलालाही आपल्या आजीची गोष्ट तेथे भेटत असे.

परंतु त्यांचे सर्वांत धाडसाचे पाऊल होते ते पुस्तके घरी देण्याचे. मुलांवर भरवसा कसा ठेवावा, ही जुनी शंका पुन्हा पुढे आली. मूरबाईंनी तिला साधे उत्तर दिले. प्रत्येक दालनात त्यांनी एक मोठी नोंदवही ठेवली. घरी आणि ग्रंथालयात मी पुस्तकांची नीट काळजी घेईन आणि येथील नियम पाळीन, असे वचन तिच्यात लिहिलेले असे. त्याखाली ज्या मुलाला स्वतःचे नाव लिहिता येई, त्याला पुस्तक घरी नेता येई. वयाची दुसरी अट नव्हती. ज्याला आजवर घरात आणि रस्त्यावर केवळ दटावणीच ऐकू आली होती, असा पाच-सहा वर्षांचा मुलगा त्या भल्या थोरल्या वहीवर वाकून आपले नाव गिरवीत असे. कोणीतरी आपल्या शब्दावर विश्वास ठेवला आहे, ही जाणीव त्याला त्या क्षणी होत असे. मुलांनी हा विश्वास सार्थ केला. 1913 पर्यंत न्यूयॉर्कच्या शाखा-ग्रंथालयांतून घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी एक-तृतीयांश पुस्तके मुलांची होती.

अजून नावही लिहिता न येणाऱ्यांसाठी गोष्टीचा तास होता. ठरलेल्या वेळी मुले गोल करून बसत. एक मेणबत्ती लावली जाई आणि गोष्ट सुरू होई. शेवटी मनात एक इच्छा धरून मुले ती मेणबत्ती विझवीत. कधी बाहुल्यांचा खेळ असे, कधी कविता म्हटल्या जात. वरवर पाहता ही निव्वळ करमणूक दिसते. पण तिच्यात शिक्षणाचे बीज होते. गोष्ट ऐकणारे मूल नवे शब्द टिपते, भाषेचा ताल त्याच्या कानांत बसतो, चित्रामागून चित्र पाहताना पुढे काय होईल याची त्याला उत्कंठा लागते. अक्षरे शिकण्यापूर्वीच पुस्तक म्हणजे आनंदाचा ठेवा, हे त्याला उमगते. असे मूल पुढे शाळेत अक्षरांना भीत नाही.

असे तास चालवायचे तर माणसेही तयार हवीत. म्हणून मूरबाईंनी तरुण ग्रंथपालांना शिकवून तयार केले. मुलांविषयी आदर, मुलांच्या पुस्तकांविषयी आदर, सहकाऱ्यांविषयी आदर आणि आपल्या व्यवसायाविषयी आदर, असे चार आदर त्यांनी आपल्या शिष्यांना घालून दिले. 23 मे 1911 रोजी न्यूयॉर्कच्या मुख्य ग्रंथालयाच्या संगमरवरी इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा त्या भव्य वास्तूतही मुलांचे एक दालन होते. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांना दारातूनच परत पाठवले जाई, ती मुले आता राजवाड्यासारख्या त्या इमारतीत हक्काने वावरू लागली.

मुलांची पुस्तके चांगली निघावीत, म्हणून मूरबाई लेखणीही चालवू लागल्या. 1918 पासून त्यांनी नियतकालिकांतून बालपुस्तकांची नियमित परीक्षणे लिहिली. 1919 मध्ये सुरू झालेल्या बालपुस्तक सप्ताहाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्यांच्यापाशी निकोलस नावाची एक वीतभर उंचीची लाकडी बाहुली होती. ती त्या सदैव बरोबर बाळगीत. एखादे मूल बुजले की पिशवीतून निकोलस बाहेर येई आणि मुलाची जीभ आपोआप मोकळी होई. याच निकोलसला नायक करून त्यांनी 1924 मध्ये एक पुस्तकही लिहिले.

थोर माणसांच्या हातूनही चुका होतात. मूरबाईंचा शब्द मुलांच्या पुस्तकांच्या जगात प्रमाण मानला जाऊ लागला, तसा त्यांच्या स्वभावातील करारीपणाही वाढत गेला. त्यांना न रुचलेले पुस्तक ग्रंथालयात येणे कठीण होई. ई. बी. व्हाइट यांचे ‘स्टुअर्ट लिटल’ हे उंदरासारख्या दिसणाऱ्या एका मुलाचे पुस्तक 1945 मध्ये निघाले. ते प्रसिद्धच करू नये, असा आग्रह मूरबाईंनी धरला होता. पुस्तक निघाले आणि मुलांनी ते डोक्यावर घेतले. 1947 मध्ये मार्गारेट वाइज ब्राउन यांचे ‘गुडनाइट मून’ हे झोपी जाणाऱ्या बाळासाठी लिहिलेले इवलेसे चित्रपुस्तक आले. तोवर मूरबाई निवृत्त झाल्या होत्या. पण त्यांच्या मताचा दरारा कायम होता. त्यांना ते आवडले नाही आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाने 1972 पर्यंत ते घेतले नाही. पुढे मात्र हेच पुस्तक असंख्य घरांतून बाळांना निजवताना वाचले जाऊ लागले. मुलांच्या हाती पुस्तक देण्यास न भिणाऱ्या मूरबाई, मुलांच्या आवडीवर विश्वास टाकताना कधीकधी कचरल्या, असेच म्हणावे लागते. परंतु या चुकीचा निवाडा झाला तोही त्यांनीच घालून दिलेल्या धड्याने. मुलाचा आदर करायचा, तर त्याच्या आवडीचाही आदर केला पाहिजे, हे पुढच्या ग्रंथपालांनी ओळखले.

वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर 1941 मध्ये मूरबाई निवृत्त झाल्या. पण मुलांच्या पुस्तकांविषयी लिहिणे-बोलणे त्यांनी सोडले नाही. 20 जानेवारी 1961 रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज अनेक देशांतील ग्रंथालयांत आईच्या मांडीवर बसलेली तान्ही बाळेसुद्धा गाण्यांच्या तालावर टाळ्या पिटताना दिसतात. त्यांना अजून बोलताही येत नाही. कोणी पुस्तकाचा कोपरा तोंडात घालते, कोणी चित्रातल्या चांदोबाला हात लावू पाहते. आणि तरीही त्यांना कोणी बाहेर घालवत नाही. पूर्वी मुलांना ज्या मळक्या हातांच्या भीतीने दाराशी थांबवले जाई, त्याच हातांत विश्वासाने पुस्तक ठेवणाऱ्या मूरबाईंचे ऋण या टाळ्यांमागे आहे.