तीस वर्षे मुरलेली धूळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने 'द ग्रेट एस्केप' दाखविला. युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटलेला तो निळ्या डोळ्यांचा तरुण मोटारसायकलवरून तारेचे कुंपण ओलांडतो, तेव्हा सभागृहात शिट्ट्या वाजल्या. (ती उडी प्रत्यक्षात त्याचा मित्र बड इकिन्स याने मारली होती, हे मागाहून कळले. माझी शिट्टी फुकट गेली असे मात्र मी मानत नाही!) त्या नटाचे नाव स्टीव्ह मॅक्वीन. तो ऐन पन्नाशीत कर्करोगाने गेला, असे वाचले आणि मी निकाल देऊन मोकळा झालो : सिगारेट! आमचे आबा खोकू लागले की घरातही असाच निकाल लागतो : विडी!

मॅक्वीनच्या बाबतीत तरी माझा निकाल चुकला होता.

त्याचा जन्म २४ मार्च १९३० चा, अमेरिकेतील इंडियाना राज्यातला. बाप मूल तान्हे असतानाच निघून गेला. आईचे चित्त संसारात रमणारे नव्हते. पोर वाढले मिसुरी राज्यातील स्लेटर गावी, आजोळच्या क्लॉड नावाच्या वृद्ध नातलगाच्या शेतावर. पुढे सावत्र बापाचा मार, उनाडक्या, आणि अखेर कॅलिफोर्नियात चिनो येथील मुलांच्या सुधारगृहात रवानगी. त्या सुधारगृहाने आपल्याला माणूस केले, अशी त्याची आयुष्यभर भावना होती. कीर्ती मिळाल्यावरही तो तिथल्या मुलांना भेटायला जात असे.

१९४७ साली तो मरीन दलात भरती झाला. शिस्तीशी त्याचे जमेना. रजा संपली तरी परतायचे नाही, मग शिक्षा भोगायची, असा क्रम. याच नोकरीत त्याला जहाजावरील पाइपांचे जुने वेष्टन खरवडून काढण्याचे काम करावे लागले. ते वेष्टन अ‍ॅस्बेस्टॉसचे होते. बंदिस्त जागा, हवेत पांढरी धूळ. विशीच्या आतबाहेरचा तो पोरगा ती धूळ छातीत भरून घेत राहिला. १९५० मध्ये तो दलातून बाहेर पडला. धूळ बाहेर पडली नाही.

पुढची कथा रसिकांना ठाऊक आहे. न्यूयॉर्कमध्ये नाट्यशिक्षण, दूरदर्शन मालिका, १९६० चा 'द मॅग्निफिसंट सेव्हन', १९६८ चा 'बुलिट', १९७३ चा 'पॅपिलॉन'. मोटारींच्या शर्यतीचे त्याला वेड होते. त्या काळी शर्यतपटूंच्या अग्निरोधक पोशाखातही अ‍ॅस्बेस्टॉस असे.

योगायोग पाहा. ज्या १९६० साली त्याचे नाव जगभर झाले, त्याच साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅस्बेस्टॉस खाणींच्या परिसरातले ३३ रुग्ण एका निबंधात नोंदविले. फुप्फुसाभोवती पातळ दुपदरी आवरण असते. त्याच्याच कर्करोगाने हे लोक आजारी पडले होते. त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. श्वासाबरोबर जातात, आवरणात रुततात आणि शरीराला ते विरघळविता येत नाहीत. वीस, तीस, कधी चाळीसहून अधिक वर्षांनी रोग डोके वर काढतो. तोवर माणूस ते काम विसरलेला असतो.

१९७८ मध्ये मॅक्वीनला खोकला जडला. त्याने सिगारेट सोडली, औषधे घेतली; खोकला हटेना. नंतर दम लागू लागला. डिसेंबर १९७९ मध्ये छातीतील तुकडा काढून तपासला तेव्हा निदान झाले. त्याच्या सिगारेटचा इथे दोष नव्हता. धूम्रपानाने इतर अपाय होतात, पण हा रोग होत नाही. मूळ त्या जहाजावर असावे, हे त्याने स्वतःच ओळखले होते.

शस्त्रक्रिया शक्य नाही, असे अमेरिकन डॉक्टरांनी सांगितले. मग तो मेक्सिकोत गेला. मूळचा दंतवैद्य असलेल्या एका इसमाच्या उपचारांखाली राहिला : जीवनसत्त्वांचे ढीग, जर्दाळूच्या बियांपासूनचे औषध, कॉफीचे एनिमा. यावर आज हसणे सोपे आहे. ज्याला सर्वांनी दार बंद केले, तो खिडकी शोधणारच. मला त्याचा राग येत नाही, त्या खिडकीचे पैसे घेणाऱ्यांचा येतो. पोटातील गाठी काढण्याची शस्त्रक्रिया मेक्सिकोतील ह्वारेझ शहरात झाली आणि काही तासांतच, ७ नोव्हेंबर १९८० रोजी, हृदय बंद पडून तो गेला.

हे सारे वाचले त्या रात्री आबा पलीकडच्या खोलीत खोकत होते. मी उठून त्यांना विचारले, गिरणीत तुम्ही नेमके काय करत होता? ते म्हणाले, बॉयलर खात्यात होतो. पाइपांवरचा पांढरा गिलावा फोडायचा आणि नवा थापायचा. अकरा वर्षे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे जपावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. आबांची गिरणी त्याआधीच बंद पडली. नोंद असलीच तर ती त्यांच्या आठवणीत.

न हटणारा कोरडा खोकला, चढताना लागणारा दम, छातीत एकाच बाजूला दुखणे, फुप्फुसाभोवती पाणी होणे, अकारण वजन उतरणे, ही या रोगाची लक्षणे. ती क्षयातही दिसतात, इतर आजारांतही. म्हणून डॉक्टरांना जुने काम सांगावे लागते. आबांना आजवर तीन डॉक्टरांनी तपासले. विडीविषयी तिघांनीही विचारले, बॉयलरविषयी एकानेही नाही. आबांनीही सांगितले नाही. त्यांना ते सांगण्यासारखे वाटलेच नव्हते.

परवा त्यांना घेऊन गेलो. केसपेपरवर विडीच्या खाली बॉयलर खाते, अकरा वर्षे, असे लिहून घ्यायला लावले. डॉक्टरांनी पेन थांबवून आबांकडे पाहिले, पुन्हा छाती तपासली, उजवी बाजू दोनदा. शुक्रवारी एक्स-रे आहे.