विजेच्या ट्रामपासून चुंबकीय नोंदी वाचविणारे डॉ. मूस

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेवर चालणारी ट्राम आणण्याचे ठरले. शहराच्या दृष्टीने ती प्रगतीची वार्ता होती. कुलाब्याच्या वेधशाळेच्या दृष्टीने मात्र ते संकट होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे मोजमाप तेथे १८४१ पासून होत होते. ही परंपरा खंडित होऊ न देण्याचे श्रेय वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांच्याकडे जाते.

मूस यांचा जन्म ऑक्टोबर १८५९ मधला. त्याच वर्षी २ सप्टेंबरला कुलाब्याच्या उपकरणांनी इतिहासातील एका प्रचंड सौरवादळाची नोंद केली होती, हा एक विलक्षण योगायोग. एडिंबरा येथे विज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या या पारशी शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये वेधशाळेची सूत्रे हाती घेतली.

विद्युतप्रवाह जेथे वाहतो तेथे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. सरळ, लांब तारेतून शंभर अँपिअर प्रवाह गेल्यास एक किलोमीटरवर त्याचे क्षेत्र सुमारे २० नॅनोटेस्ला आणि दहा किलोमीटरवर दोन नॅनोटेस्ला भरते. पृथ्वीच्या क्षेत्रातील नित्याचे चढउतारही अवघे काही दशक नॅनोटेस्लांचे असतात. त्यातच ट्रामचा काही प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो. त्यामुळे निसर्गाची चाहूल कोणती आणि ट्रामचा उपद्रव कोणता, हे ओळखणेच अशक्य झाले असते. यावर खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे अंतर.

मूस यांनी मुंबईपासून समुद्रमार्गे सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबागची निवड केली. तेथील इमारतीसाठी चुंबकीय गुणधर्म नसलेला पोरबंदरी दगड वापरण्यात आला. उपकरणे मात्र त्यांनी घाईने हलविली नाहीत. जागा बदलली की आकडेही बदलतात. जुन्या व नव्या नोंदींचा सांधा जुळला नाही, तर सहा दशकांची मेहनत वाया जाणार होती. म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यानंतरच कुलाब्याचे चुंबकीय मोजमाप थांबले. मे १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागचे काम स्थिरावले होते.

१८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे मूस यांनी केलेले विश्लेषण १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. चुंबकीय वादळांच्या अभ्यासात जगभरच्या संशोधकांना ते मोलाचे ठरले. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या ट्राममुळे वेधशाळेला स्थलांतर करावे लागले, ती मुंबईच्या रस्त्यांवरून १९६४ मध्ये कायमची गेली. अलिबागच्या नोंदी मात्र आजही सुरू आहेत.