पत

वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचे नाव काढले की मोर्चे, तुरुंग आणि सभा डोळ्यांपुढे येतात. बँकेचा काउंटर सहसा येत नाही. आयुष्याची तीसेक वर्षे त्या काउंटरच्या आतल्या बाजूला काढल्यामुळे असेल, पण मॅगी लीना वॉकर यांच्या चरित्राने मला जितके धरून ठेवले तितके एखाद्या सेनापतीच्या चरित्रानेही धरून ठेवले नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी मॅगीचा जन्म झाला. आई पूर्वाश्रमीची गुलाम. १८७६ मध्ये सावत्र वडिलांचा मृतदेह नदीत सापडला आणि घराचा भार आईवर पडला. ती गोऱ्यांचे कपडे धुऊन देई आणि लहानगी मॅगी धुतलेल्या कपड्यांच्या टोपल्या त्यांच्या घरी पोचवी. तशाही परिस्थितीत ती शिकली, १८८३ मध्ये पदवीधर होऊन शिक्षिका झाली. १८८६ मध्ये लग्न झाले आणि नोकरी सुटली, कारण विवाहितेला शाळेत शिकवण्याची मुभा नव्हती.

किशोरवयापासून ती ‘सेंट ल्यूक’ या कृष्णवर्णीयांच्या परस्पर-साहाय्य संस्थेत काम करत होती. सभासदांनी वर्गणी भरायची आणि आजारपणात, अंत्यविधीत संस्थेने मदत करायची, असा तिचा साधा हिशेब. १८९९ मध्ये मॅगीबाई संस्थेच्या सचिव झाल्या तेव्हा तिजोरीत होते ३१ डॉलर आणि ६१ सेंट! कोणताही शाखाधिकारी असा ताळेबंद पाहून बदलीचा अर्ज लिहील. बाईंनी मात्र १९०२ मध्ये वृत्तपत्र सुरू केले आणि लगेच बँकेची तयारी मांडली. त्यासाठी शहरातील एका गोऱ्यांच्या बँकेत जाऊन, तासन्‌तास बसून कामकाज शिकून घेतले.

२ नोव्हेंबर १९०३ रोजी ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ उघडली. बँकेची सनद मिळवून अध्यक्षपदी बसणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला. पहिल्या दिवशी रांगेत धोबिणी होत्या, मोलकरणी होत्या, मजूर होते. एकाने तर अवघ्या ३१ सेंटवर खाते उघडले. आमच्या शाखेत पिग्मीच्या दहा-वीस रुपयांची नोंद करताना नव्या कारकुनाच्या चेहऱ्यावर येणारा कंटाळा मी पाहिला आहे. त्या रकमेमागे एखाद्या घराने काय काय टाळलेले असते, हे त्याला पुढे हळूहळू कळते. बाईंना ते टोपल्या वाहण्याच्या वयातच कळले होते. म्हणून त्यांनी मुलांनाही साठवणीच्या पेट्या दिल्या.

पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, ट्राम कंपनीने काळ्या-गोऱ्या प्रवाशांच्या जागा वेगळ्या केल्या. कोणी कुठे बसायचे हे ठरवण्याचा अधिकार कंडक्टरला मिळाला. बाईंच्या वृत्तपत्राने आणि जॉन मिचेल यांच्या ‘रिचमंड प्लॅनेट’ने बहिष्काराची हाक दिली. माणसे महिनोन्‌महिने पायी चालली. आधीच डबघाईला आलेली कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. पण १९०६ मध्ये राज्याने ट्राममधला वर्णभेद कायद्यानेच सक्तीचा केला. चालून चालून झिजलेल्या चपलांचे फळ काय मिळाले, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असेल. १९०५ मध्ये त्यांनी काढलेले मोठे दुकानही गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दबावापुढे काही वर्षांत बंद पडले.

बँक मात्र टिकली. गोऱ्यांच्या बँका ज्यांना दारात उभे करत नसत, त्यांना इथे घरासाठी कर्ज मिळू लागले. १९२० पर्यंत या बँकेच्या आधाराने सुमारे ६०० कुटुंबांनी स्वतःची घरे घेतली. घराचे कर्ज म्हणजे काय, हे आपल्या मध्यमवर्गाला वेगळे सांगायला नको. ज्याचे छप्पर गोऱ्या घरमालकाचे नाही, त्याला सभेत हात वर करताना रात्रीच्या निवाऱ्याची चिंता करावी लागत नाही.

बाईंचे स्वतःचे घर मात्र दुःखाने पोखरले. १९१५ मध्ये चोर समजून मुलाच्या हातून वडिलांवर गोळी सुटली आणि ते गेले. मुलगा खटल्यातून निर्दोष सुटला, पण १९२३ मध्ये तोही गेला. पुढे बाईंना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. त्या खुर्चीत बसूनही त्या कामावर येत राहिल्या. महामंदीत ठिकठिकाणच्या बँका बुडत असताना त्यांनी आपली बँक शहरातील इतर दोन कृष्णवर्णीय बँकांमध्ये विलीन करून ठेवीदारांचे पैसे वाचवले. स्वतःच्या संस्थेचे नाव पुसले जाणार हे ठाऊक असताना असा निर्णय घेणे किती कठीण, हे या धंद्यातला माणूसच जाणे.

१५ डिसेंबर १९३४ रोजी त्या गेल्या. बरोबर एकवीस वर्षांनी, डिसेंबर १९५५ मध्ये, माँटगोमेरीतील बसवर बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवसांनी जिंकला गेला. रिचमंडमध्ये हरलेली पायपीट तिथे फळाला आली, असे मला वाटते. २०१७ मध्ये रिचमंडच्या भर चौकात बाईंचा पुतळा उभा राहिला. विलीनीकरणातून उभी राहिलेली बँक तर त्यांच्यामागे सत्तर वर्षे कृष्णवर्णीयांच्याच मालकीची होती.