खांसाहेबांचा गंधार

भगिनींनो, मंडळाच्या भजनात पेटीशी गळा मिळवताना गंधाराजवळ काहीतरी खटकते, असे मला वर्षानुवर्षे वाटे. आपलाच गळा कच्चा, अशी मी मनाची समजूत घातली होती. खांसाहेब अब्दुल करीमखां यांचे चरित्र वाचले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

खांसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तरेकडील कैराना गावी झाला. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारी गवई होते. पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवून त्यांनी गरीब मुलांनाही गाणे शिकविले.

त्या काळी कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर बावीस श्रुतींचा शोध घेत होते. खांसाहेबांनी त्यांना आपला गळा दिला. लाकडी पेटाऱ्यावर ताणलेल्या तारेखालची घोडी सरकवून गायिलेला स्वर जुळवायचा आणि तारेची लांबी मोजायची, अशी ही रीत. देवलांचे पुस्तक १९१० साली निघाले.

हिशेब आपल्यालाही कळण्याजोगा आहे. ३६ इंच तारेवर षड्ज धरला, तर पंचम २४ इंचांवर आणि तार षड्ज १८ इंचांवर येतो. तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार २८.८ इंचांवर बोलतो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, म्हणून तिचा गंधार सुमारे २८.६ इंचांवर, म्हणजे किंचित चढा. खटकते ते हेच!

न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी श्रुतींची निराळी पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोदे परिषदेत ती मांडली गेली. पण जाणकारांचे एकमत झाले नाही.

खांसाहेबांचा संसार मात्र टिकला नाही. ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्यांतल्याच हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे यांचे गाणे पुढे घरोघरी पोचले. खांसाहेबांचे गुण गाताना त्या माउलीचे कष्ट आपण विसरू नयेत.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना अस्वस्थ वाटू लागले. वाटेतल्या लहानशा स्टेशनावर उतरून त्यांनी तंबोरा लावविला, गाण्यातूनच प्रार्थना केली आणि तिथेच देह ठेवला. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे.

पेटी टाकून द्या, असे मी म्हणत नाही. पण आठवड्यातून एक अभंग नुसत्या तंबोऱ्यावर म्हणून पाहू या. आपला गळा खोटा नाही, हे आपले आपल्यालाच कळेल.