कासीम रझवी

बिदर-गुलबर्ग्याच्या खेड्यांत रझाकार हा शब्द अजून ऐकू येतो. परंतु त्यांचा नेता लातूरला वकिली करणारा गृहस्थ होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कासीम रझवी यांचे शिक्षण अलीगढचे. बहादूर यार जंग १९४४ साली वारले आणि दोन वर्षांनी इत्तेहादुल मुसलमीनची सूत्रे रझवींकडे आली. हैदराबाद संस्थानातील सत्ता ही तेथील मुसलमानांची सामुदायिक सत्ता होय, असे हा पक्ष मानी. रझाकार हे त्याचे सशस्त्र दल.

रझवी ना दिवाण होते, ना मंत्री. तरीही १९४७ नंतर दिल्लीशी कसे वागावयाचे हे तेच ठरवू लागले. जैसे थे कराराचा मसुदा मंत्रिमंडळाने बहुमताने मान्य केला होता. २७ ऑक्टोबरच्या पहाटे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तोच रझवींच्या जमावाने छत्तारीचे नवाब, सर सुलतान अहमद आणि वॉल्टर मॉंक्टन यांच्या बंगल्यांना वेढा घातला. निजामाने माघार घेतली, छत्तारींनी दिवाणगिरी सोडली. नवे शिष्टमंडळ अधिक काही मिळवील अशी हमी रझवींनी दिली होती. गंमत अशी की, २९ नोव्हेंबरला जवळजवळ तोच करार झाला!

नवे दिवाण लायक अली पक्षाच्या मर्जीतले. करारान्वये परराष्ट्रव्यवहार दिल्लीकडे असतानाही पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज दिले गेले. सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमाने कराचीहून शस्त्रे आणीत. काही आपल्या बिदरला उतरत. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरट्यात रझाकारांनी कत्तल केली. ऑगस्टमध्ये हैदराबादने सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. तिच्यावर चर्चा झाली १६ सप्टेंबरला. तोवर भारतीय फौजा संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली.

या धोरणाची किंमत भरली ती ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांनी. पोलीस कारवाईच्या काळात व नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली, असा सुंदरलाल समितीचा अंदाज आहे. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेडबरोबर आपले बिदर आणि गुलबर्गा होते. हा अहवाल कित्येक दशके बंदच राहिला.

रझवींना कैद झाली. १९५७ साली सुटताच ते पाकिस्तानात गेले आणि १९७० साली कराचीत वारले.